कंसातला हशा

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मी मराठीत वर्गात पहिली आले ती एका गाईडच्या जोरावर. ते गाईडही माझं नव्हतं. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी त्याच्या पानांचे फोटो टाकले होते, वाकडेतिकडे, एका कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचा अंगठा आलेला. मी ती उत्तरं पाठ केली. कविता कोणतीही असो, तिच्यात कवीने मानवी मनाचा वेध घेतलेला असायचा आणि भाषा ओघवती असायची. ओघवती म्हणजे काय हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

आमचं गाव वडशापासून आत, धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भातशेतांमधून, जाणाऱ्या रस्त्यावर. बाबा राइस मिलमध्ये कामाला, आई अंगणवाडीत मदतनीस. घरात वाचण्यासारखं काही होतं तर शाळेची पुस्तकं आणि मामाच्या नाटकांच्या वह्या. मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ. तो वडशाला दुकानांच्या पाट्या रंगवायचा, फ्लेक्स आल्यावर ते काम जवळजवळ बंद पडलं, पण नाटकं लिहिणं चालू राहिलं. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई तिथे नाटक. हिवाळाभर वडशाच्या नाटक कंपन्या झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या जंगलाच्या मुलखात, फिरत असतात. त्यातल्या एका कंपनीसाठी मामा दर वर्षी एक नाटक लिहितो. मी लहानपणापासून ती सगळी पाहिली आहेत, मंडपात पोतं अंथरून, आईच्या मांडीला टेकून. मामा आमच्याकडे मोठा माणूस होता. रस्त्याने निघाला की लोक त्याला थांबवून त्याचेच संवाद म्हणून दाखवायचे.

दुसऱ्या वर्षाला कॉलेजात नव्या मॅडम आल्या. चंद्रपूरच्या होत्या, तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घेतील तेवढ्यापुरत्या कॉलेजच्या. पहिल्याच चाचणीत त्यांनी एक न शिकवलेली कविता दिली. शहरातल्या कुणा कवीने जंगलावर लिहिलेली. तिच्यात पहाटे मोहाची फुलं वाऱ्यावर तरंगत, गिरक्या घेत खाली येतात असं होतं. मी लिहिलं, कवीने निसर्गाचे मनोहारी चित्रण केले आहे. पेपर परत आला तेव्हा त्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ होती आणि शेजारी एकच शब्द. कुठे?

तास संपल्यावर मी त्यांच्याकडे गेले.

"मॅडम, कुठे म्हणजे?"

"म्हणजे कोणत्या ओळीत. तुझं मन कोणत्या ओळीने हरलं ते दाखव मला."

मी उभ्या उभ्या कविता परत वाचली. मग परत.

"कोणत्याच नाही," मी म्हणाले.

"मग लिहिलंस कशाला?"

"गाईडात असंच असते."

त्या रागावल्या नाहीत. समोरच्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "गाईड राहू दे. तुला काय वाटलं?"

तोपर्यंत मी त्यांच्याशी जपून, पुस्तकातल्यासारखं बोलत होते. ते तेवढ्यात सुटलं. "मोह असा पडत नाई मॅडम. गिरक्या घ्यायले ते काही कागद नाई. जड असते ते फूल, रसाचं. टप टप पडते. आम्ही वेचतो न. आईसोबत जाते मी दर उन्हाळ्यात. पाठीचा काटा ढिला होते. अन् एकट्यानं जाताबी येत नाई, आमच्याकडे वाघ आहे. या कवीनं मोह पाह्यलाच नाई."

मला वाटलं त्या शाबास म्हणतील. त्या म्हणाल्या, "बरं. कवी चुकला. आता मला सांग, तो चुकल्यामुळे कवितेचं काय बिघडलं?"

चुकला म्हणजे चुकला, आणखी काय बिघडायचं? मी ती कविता बसमध्ये वाचली, घरी वाचली, भात शिजत असताना वाचली. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की त्या अख्ख्या कवितेत माणूसच नाही. टोपली नाही, वाकलेली बाई नाही, झाडाखालचा पाला जाळून साफ केलेली जमीन नाही. फूल तरंगत राहतं आणि कविता संपते. मी पुन्हा उत्तर लिहिलं आणि त्यात एक वाक्य असं लिहिलं की फूल जमिनीवर पडलं असतं तर कवीला ते वेचणारी बाई दाखवावी लागली असती, म्हणून त्याने ते पडूच दिलं नाही.

गाईडच्या उत्तराला मला दहापैकी नऊ मिळायचे. या उत्तराला सहा मिळाले. खाली मॅडमनी लिहिलं होतं, 'हे वाक्य तुझं आहे. पण शेवटच्या दोन ओळी चांगल्या आहेत, त्यांच्याबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. रागात वाचलं की चांगलं दिसत नाही. परत वाच.'

मी परत वाचलं. शेवटच्या दोन ओळी खरंच चांगल्या होत्या. मला ते कबूल करायला फार जड गेलं.

मी आजवर जे काही शिकले त्यातलं बरंचसं त्या एका कवितेवर शिकले. एम.ए.ला त्याच कॉलेजात राहिले त्याचं कारणही मॅडमच. घरचे म्हणत होते डी.एड. कर, पोलीस भरतीचा फॉर्म भर. मी फॉर्म भरला, धावायला गेले नाही.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला लघुप्रबंध लिहायचा होता. विषय विभागप्रमुख सरांकडून मंजूर करून घ्यावा लागे. सर वयाने मोठे, शिकवायला चांगले, उच्चार इतके स्वच्छ की ते मूळचे आमच्याच भागातले आहेत हे मला फार उशिरा कळलं. मी त्यांना विषय सांगितला. झाडीपट्टीचं नाटक.

सर हसले नाहीत, पण चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कुठलं नाटक? संहिता छापलेली आहे का?"

"नाही सर. वहीत आहे."

"मग ते साहित्य नाही. करमणूक आहे. लोककला विभाग असता तर गोष्ट वेगळी. मराठी विभागात आपण वाङ्मयाचा अभ्यास करतो."

"सर, वाङ्मय आहे की नाही हे वाचल्यावर ठरवू न."

हे मी उद्धटपणे म्हटलं नव्हतं. मला तेच शिकवलं होतं. पण सरांचा चेहरा बदलला. शेवटी मॅडमनी मध्ये पडून विषय मंजूर करून घेतला, तोही एका अटीवर. सर मसुदा स्वतः पाहणार होते.

बाहेर आल्यावर मी मॅडमना म्हणाले, "आता दाखवतेच यांना."

मॅडम म्हणाल्या, "काय दाखवतेस? नाटक चांगलं आहे हे?"

"हो."

"तू वाचलंयस?"

"पाह्यलं आहे. चार वेळा."

"मी 'वाचलंयस का' असं विचारलं."

मी मामाकडे गेले. त्याला सांगितलं की तुझ्या नाटकावर मी पुस्तकासारखं लिहिणार आहे, कॉलेजात. मामाने पेटीतून वही काढली, तिला पाट्या रंगवायच्या फडक्याने पुसलं आणि माझ्या हातात देताना मामीला म्हणाला, "पाह्य, भाची पी.एच.डी. करून राह्यली माह्यावर." पी.एच.डी. नाही हे मी सांगितलं नाही. नाटकाचं नावही इथे सांगत नाही. ते आलं त्या वर्षी अर्ध्याअधिक नाटकांच्या नावात कुंकू होतं, यातही होतं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला सगळे नट-नट्याच ऐकू आले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मी मोठ्याने, एकाच सुरात वाचलं, बातम्या वाचतात तसं. आणि मग मला ते दिसलं.

नाटकातली नायिका एका शेतकऱ्याची मुलगी. वडशाच्या पलीकडे कधी गेलेली नाही. ती म्हणते, "मला हे जीवन असह्य झालं आहे." तिची आई त्याच चुलीजवळ बसून म्हणते, "मले का करा लागते ते सांग." एका घरातल्या दोन बाया, दोन भाषा. नायक 'मला' म्हणतो, वकील 'मला' म्हणतो, देवळातला साधूसुद्धा 'मला' म्हणतो. 'मले' कोण म्हणतं तर आई, गडी आणि घरात काम करणारी बाई. आणि गड्याच्या, कामवालीच्या बोलण्यानंतर मामाने सुवाच्य अक्षरात, कंसात लिहिलं होतं, (हशा). हसू ओसरेपर्यंत नटांनी थांबावं म्हणून तशी खूण लिहितात.

मी पेन्सिल घेऊन सगळे हशे मोजले. एकवीस होते. एकवीसपैकी एकही 'मला' म्हणणाऱ्याच्या वाट्याला नव्हता.

तिसऱ्या अंकात ती काम करणारी बाई आपल्या मेलेल्या मुलाबद्दल बोलते. दोनच वाक्यं आहेत. "माह्या पोराले दवाखान्यात खाट नाई भेटली. मी त्याले पायरीवरच घेऊन बसली होती." पुढे कंसात, (हशा).

मी वही मिटून ठेवली. मला ते दृश्य आठवत होतं. ती नटी 'पायरीवरच' म्हणताना मान वाकडी करायची आणि मंडप हसायचा. मी हसले होते. दहा-अकरा वर्षांची असेन.

आई तांदूळ निवडत होती. मी तिला ती दोन वाक्यं वाचून दाखवली आणि विचारलं, "आई, तू हसली होतीस का?"

तिने हात थांबवला नाही. "हसली. सगळे हसले तं मीबी हसली. मंग घरी आल्यावर कसंतरीच वाटलं."

"मग कोणाले बोललीस का?"

"का बोलू? भाऊच होता न लिहिनारा."

मी लिहायला बसले. सरांना जे दाखवायचं होतं ते बाजूला राहिलं. लिहिलं ते असं की या नाटकात आपली बोली फक्त हसण्यासाठी वापरली आहे, आणि ज्याचं दुःख आपल्या बोलीत येतं त्याचं दुःखही हसण्यावारी जातं. बारा पानं झाली. नाटकाची बांधणी, अंकांचं गणित, संवादांची लय, यातलं जे चांगलं होतं ते आधी लिहिलं. ते पुष्कळ होतं. मॅडमची पेन्सिल डोळ्यासमोर होती, त्यामुळे प्रत्येक विधानाला कुठे, कोणत्या प्रवेशात, हे दिलं. मग मसुदा घेऊन आधी मामाकडे गेले. मॅडम म्हणाल्या होत्या, हयात लेखकाला आधी दाखवावंच असा नियम नाही. पण तो माझा मामा होता.

मामाने आपल्या पाट्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून सगळं वाचलं. आठवं, हशांचं पान दोनदा. मामीने चहा आणला तो निवला.

"हे पान काढ," तो म्हणाला.

"काऊन?"

"काऊन म्हनजे? तुह्या सराले वाचाले देशील न हे. ते म्हनतील पाहा, यांचीच पोरगी म्हनते. तुले शिकवलं ते यासाठी?"

"मी खोटं लिहिलं का मामा?"

"खोटं नाई म्हनत मी."

"मग नाही काढत."

तो उठला, आत गेला, परत बाहेर आला. मला वाटलं वही परत मागेल. तो म्हणाला, "माहं पहिलं नाटक तुले मालूम नाई. तुह्या जन्माच्या आधीचं. त्यात हिरोइनीले मी मले-तुलेच बोलाले लावलं होतं. आपल्या गावची पोरगी आहे, आपल्यासारखीच बोलन म्हटलं. लोकं तिलेच हसले. ती नवऱ्याले म्हनते मले सोडून नोको जाऊ, अन् मंडप हसते. नटी चांगली होती, नागपूरची. इंटरवलमधे आत जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी मी सगळे संवाद बदलवले. तिले कोनी हसू नये म्हनून देल्ली मी तिले तुमची भासा. समजलं?"

'तुमची' हा शब्द मला लागला, त्याने मला शिकलेल्यांत ढकललं होतं. पण मी तिथून उठले नाही.

"समजलं," मी म्हणाले. "पण मग कामवालीले काऊन नाही देल्ली? तिले हसलेलं चालते?"

मामाने माझे कागद नीट एकावर एक ठेवले आणि मामीच्या हातात दिले, माझ्या नाही. त्यानंतर तो आमच्याकडे यायचा बंद झाला. राखीला आईच त्याच्याकडे गेली. आई मला म्हणाली, "एक पान तं आहे बाई. काढून टाक." मी काढलं नाही. त्याने सांगितलेली पहिल्या नाटकाची हकीकत मात्र लिहिली, त्याच्याच शब्दांत, आणि त्याखाली लिहिलं की माझं आठव्या पानावरचं म्हणणं यामुळे अर्धवट ठरतं, खोटं ठरत नाही.

सरांना मसुदा फार आवडला. हीच मोठी अडचण झाली.

"उत्तम," ते म्हणाले. "मी म्हणत नव्हतो? उथळ असतात ही नाटकं. तू पुराव्यासह सिद्ध केलंस. फक्त समारोपात एक वाक्य घाल." त्यांनी ते स्वतःच्या हाताने समासात लिहून दिलं. सारांश, झाडीपट्टी नाटकात वाङ्मयीन मूल्यांचा अभाव आढळतो.

"सर, मी असं म्हटलं नाही."

"अर्थ तोच होतो."

"नाही होत. मी एका नाटकातली एक गोष्ट दाखवली. आणि सर, कामवाल्या बाईले तिच्या बोलीवरून हसणं हे फक्त त्या नाटकात नाही. आपल्या वर्गात मी पहिल्या वर्षी 'मले' म्हटलं तेव्हा वर्ग हसला होता. तुम्हीही हसला होता."

सरांना ते आठवत नव्हतं हे उघड होतं. मी ते वाक्य खोडून मसुदा परत दिला. मॅडमनी नंतर विचारलं, खोडलंस की खाली टीप दिलीस? खोडलं म्हटल्यावर म्हणाल्या, "टीप द्यायची होतीस. असहमतीसुद्धा कागदावर हवी." मग मी टीपही दिली.

जानेवारीत विभागाचं एक दिवसाचं चर्चासत्र झालं. बाहेरगावचे प्राध्यापक, फुलांचे गुच्छ, सकाळी पोहे. विद्यार्थ्यांसाठी दुपारच्या जेवणानंतरची वेळ होती, जेव्हा अर्धं सभागृह पेंगतं. माझं नाव मॅडमनी दिलं होतं. लघुप्रबंधातली तीच पानं निबंध म्हणून वाचायची, पंधरा मिनिटांत. मी साडी नेसले होते, ती सारखी सुटतेय असं वाटत होतं.

वाचायला लागले. आठव्या पानापर्यंत ठीक चाललं. तिथे ती दोन वाक्यं होती. मी ती कामवालीची वाक्यं आमच्याच घरी बोलतात तशी वाचली, मान वाकडी न करता, नकली आवाज न काढता. माह्या पोराले दवाखान्यात खाट नाई भेटली. मी त्याले पायरीवरच घेऊन बसली होती.

सभागृह हसलं.

सगळं नाही. पण पुढच्या दोन रांगा, पाहुणे, आमचे सर, आणि डावीकडची मुलं. मोठ्याने नाही, सहज येतं तसं हसू. वाक्य काय आहे ते कुणी ऐकलंच नाही. फक्त 'पोराले' ऐकलं आणि तोंडं उघडली.

मी थांबले. माझ्या कागदाशेजारी पेन होतं. मी माइकमध्ये म्हणाले, "थोडं थांबते. हे लिहून घेते." आणि त्या वाक्यापुढे कंस काढून आत लिहिलं, हशा. मग तारीख घातली. लिहायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागू दिला. मग मी मान वर केली आणि ती दोन वाक्यं परत वाचली, तशीच. या वेळी कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका पाहुण्या बाईंनी डोळ्यांवर हात ठेवला होता.

अध्यक्षांनी समारोपात माझ्या निबंधाबद्दल 'अभिनिवेश' हा शब्द वापरला. त्यांना उत्तर द्यायला मला वेळ दिला नाही. मी चहाच्या वेळी त्यांच्याजवळ जाऊन विचारलं, "सर, कोणत्या वाक्यात अभिनिवेश आहे ते सांगाल का? मी सुधारते." ते म्हणाले, एकूण सूर. मी म्हणाले, "एकूण सूर म्हणजे कोणती वाक्यं?" ते हसून दुसऱ्या कुणाशी बोलायला लागले. आमचे सर तिथेच होते. ते मला ओरडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी फक्त कप खाली ठेवला आणि निघून गेले. पुढे चर्चासत्राचं पुस्तक निघालं त्यात माझा निबंध नव्हता. लघुप्रबंधाला गुण मात्र सरांनी कमी दिले नाहीत. का, ते मी त्यांना विचारलं नाही.

मामा सभागृहात शेवटच्या रांगेत बसला होता. मला माहीत नव्हतं. आईने सांगितल्यावर शेअरिंगच्या जीपमध्ये बसून आला होता, धुतलेला पांढरा शर्ट घालून. बाहेर पडताना फाटकाशी दिसला. आम्ही बस स्टँडपर्यंत चालत गेलो. चहाच्या टपरीवर बसल्यावर तो म्हणाला, "तुह्या निबंधात एक पान कमजोर आहे."

"आठवं?"

"नाई. आठवं बराबर आहे. दहावं. तू लिहितेस लोकं हसतात. कोनते लोकं? मंडपात एका बाजूनं बाया बसतात, एका बाजूनं मानसं. खुर्चीवाले पुढे, जमिनीवरचे मागे. सगळे एकदम हसत नाई. पह्यले कोन हसते, मंग कोन हसते, हे तुले मालूम आहे का?"

मला माहीत नव्हतं. मला मंडप म्हणजे एकच गठ्ठा वाटला होता. कवीला जंगल वाटावं तसा.

"तुले मालूम आहे?" मी विचारलं.

"तीस वर्सं विंगेत उभा राहून तेच पाहून राह्यलो," मामा म्हणाला. "लिहून घे."

मी त्या निबंधाच्या पाठकोऱ्या बाजूला लिहून घेतलं. वडशाची बस आली, गेली, पुढची आली. त्याचं सगळंच मला पटलं नाही आणि मी तसं म्हटलंही. दोन बाबतीत तो चिडला. टपरीवाला आमच्याकडे पाहत होता.

पुढच्या हिवाळ्याच्या नाटकाची वही त्याने तालमीआधी माझ्याकडे पाठवली. चिठ्ठी नव्हती. मी समासात पेन्सिलने लिहून परत पाठवली. त्यातलं निम्मं त्याने मान्य केलं, निम्म्यावर काट मारली. या नाटकात नायिका पहिले दोन अंक 'मला' म्हणते आणि तिसऱ्यात, बाप मेल्यावर, तिच्या तोंडून 'मले' सुटतं. हे मी सुचवलेलं नव्हतं, त्याचंच होतं. मला ते पूर्ण पटलेलं नाही. दुःख झालं की बोली सुटते, म्हणजे शहाणं असेपर्यंत बोली दाबून ठेवायची, असा त्याचा अर्थ होतो. मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "एका नाटकात किती करू?"

नायिकेचं काम करणारी नटी पुण्याकडची होती. वडशाच्या तालमीच्या हॉलमध्ये, दुपारी, मामाने मला तिच्यासमोर बसवलं आणि तिला 'मले' म्हणायला शिकव म्हणाला. ती दहा वेळा म्हणाली, दहा वेळा ते नकलेसारखं झालं. मग तिने विचारलं, "लोक हसतील ना पण?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हसतील. तुम्ही थांबू नका. संवाद पुढे न्या."

काही गावांत लोक हसले. आरमोरीकडच्या एका गावात बायांच्या बाजूने आधी शांत झालं आणि मग सगळं शांत झालं, असं मामाने फोनवर सांगितलं. दोन गावांत आयोजकांनी तो प्रवेश पुन्हा प्रमाण भाषेत करून घेतला आणि मामाने करून दिला, यावरून आमचं भांडण झालं. मी या सगळ्यावर दुसरा निबंध लिहिला आहे, पहिल्यापेक्षा लांब. त्यात मामावर टीका आहे आणि माझ्या पहिल्या निबंधावरही आहे. मामा म्हणतो त्याने तो अजून वाचलेला नाही. मामी म्हणते त्याने दोनदा वाचला आणि समासात काहीतरी लिहून ठेवलं आहे.